बिअर न आवडणारा बिअरचा डॉक्टर

लुई पाश्चर म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे दुधाची पिशवी, कारण तिच्यावर बारीक अक्षरात पाश्चराइज्ड असं छापलेलं असतं. आणि दुसरी म्हणजे पिसाळलेला कुत्रा. शाळेत सायन्सच्या पुस्तकात आम्हाला अर्ध्या पानाचा पाश्चर होता आणि त्यात हेच दोन पॉइंट होते. पण गंमत अशी की दूध तापवून टिकवा, हा आग्रह पाश्चरचा नव्हताच मुळी. तो १८८६ साली जर्मनीतल्या फ्रान्झ फॉन सॉक्सलेटने धरला. (केमिकलच्या लॅबमध्ये जे सॉक्सलेटचं उपकरण आहे ना, तोच हा सॉक्सलेट!) पाश्चरने वाइनवर काम केलं आणि मग बिअरवर. या लेखात मी मुख्यतः बिअरबद्दल लिहिणार आहे. एडिटोरियल बोर्डाने आणि रेक्टर सरांनी काळजी करू नये, कारण लेखाच्या नायकाला स्वतःला बिअर फारशी आवडत नसे.

लुईचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधल्या दोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. त्याआधी ते नेपोलियनच्या सैन्यात होते आणि त्यांना लीजन ऑफ ऑनर हा सन्मान मिळाला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. लुईचं बालपण आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावात गेलं. सुरुवातीला अभ्यासात तो फार चमकत नव्हता, चित्रं मात्र सुंदर काढायचा. पंधराव्या वर्षी त्याला शिकायला पॅरिसला पाठवलं, तर या पोराला घरची इतकी आठवण यायला लागली की काही आठवड्यांतच वडिलांना जाऊन त्याला परत आणावं लागलं. आणि आठवण कशाची, तर घरच्या कातड्यांच्या वासाची! फर्स्ट इयरला पहिल्याच महिन्यात बॅग भरून घरी गेलेल्यांनी याची नोंद घ्यावी. पुढे १८४२ मध्ये सायन्सच्या परीक्षेत केमिस्ट्रीत त्याला साधारण असा शेरा मिळाला. त्याच वर्षी पॅरिसच्या एकोल नॉर्मालची प्रवेश परीक्षा तो पास झाला, पण नंबर मनासारखा आला नाही म्हणून पठ्ठ्याने प्रवेशच घेतला नाही. एक वर्ष ड्रॉप घेऊन पुन्हा परीक्षा दिली आणि १८४३ मध्ये चौथा आला.

पहिला मोठा शोध त्याने १८४८ मध्ये लावला. वाइनच्या पिंपात तळाशी टार्टारिक आम्लाचे क्षार जमतात. अशाच एका क्षाराचे स्फटिक निरखून बघताना त्याला दिसलं की काही स्फटिक उजव्या हाताचे आहेत आणि काही डाव्या हाताचे, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे. त्याने ते अक्षरशः एकेक निवडून वेगळे केले, तांदळातले खडे निवडावेत तसे. थोरामोठ्या केमिस्टना जे एकच द्रव्य वाटत होतं, ते दोन निघालं. तेव्हा तो फक्त पंचवीस वर्षांचा होता. स्टिरिओकेमिस्ट्री आपल्या डोक्यावरून जाते ती इथून सुरू झाली. पुढच्या वर्षी स्ट्रासबुर्गला नोकरी आणि तिथेच मारी लोराँ हिच्याशी लग्न.

१८५४ मध्ये तो लील शहरातल्या सायन्स फॅकल्टीचा डीन झाला. तिथे बिगो नावाचे एक कारखानदार होते, त्यांचा मुलगा पाश्चरचा विद्यार्थी. बिटाच्या रसापासून अल्कोहोल बनवायचा त्यांचा कारखाना होता आणि १८५६ मध्ये त्यातल्या काही टाक्या सारख्या आंबट व्हायला लागल्या. पाश्चर कारखान्यात जाऊन सॅम्पल घेऊन आला. चांगल्या टाकीच्या रसात मायक्रोस्कोपखाली गोल गोल यीस्ट दिसलं. आंबट झालेल्या टाकीत मात्र त्याहून कितीतरी बारीक काड्या वळवळत होत्या. त्या काड्या साखरेपासून अल्कोहोलऐवजी लॅक्टिक आम्ल बनवत होत्या. तेव्हा लीबिगसारखे मोठमोठे केमिस्ट म्हणत होते की आंबणं ही निव्वळ रासायनिक मोडतोड आहे, तिथे सजीवाचं काही काम नाही. पाश्चर म्हणाला की आंबवणारे सजीवच आहेत, आणि कोण आंबवतंय त्यावर काय बनणार हे ठरतं.

इथे जरा थांबते, कारण सगळ्या लेखाचा मुद्दा इथे आहे. आपल्या मराठीत बिघडण्याला किती शब्द आहेत बघा. दूध नासतं, आमटी विटते, तेल खवट होतं, पीठ आंबतं, शिळ्या भाताला तार सुटते, बंद डब्याला कुबट वास येतो. आजीला डोळे बांधून बसवलं तरी ती नुसत्या वासावर सांगेल काय झालंय ते. युरोपातल्या बिअरवाल्यांचंही तसंच होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं तयार नाक आणि तयार जीभ. पण नाक सांगतं ते उशिरा सांगतं. वास आला म्हणजे पीप हातचं गेलेलं असतं. आणि नाक काय झालं ते सांगतं, का झालं ते सांगत नाही. मग दोष कधी माल्टला, कधी उन्हाळ्याला, कधी चक्क ढगांच्या गडगडाटाला द्यायचा. आपल्या वर्कशॉपमधले जुने मेकॅनिक मशीनचा आवाज ऐकूनच काहीतरी बिघडलंय हे ओळखतात, पण कुठला बेअरिंग गेला ते उघडल्याशिवाय कळत नाही, तसंच हे.

लीलनंतर पाश्चर पॅरिसला आला. हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या फ्लास्कचा प्रयोग, १८६३ पासून सम्राटाच्या सांगण्यावरून वाइनच्या रोगांचा अभ्यास, १८६५ पासून रेशमाच्या किड्यांचा रोग, हे सगळं या काळातलं. वाइन साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून गार केली तर टिकते, हे त्याने याच वेळी दाखवलं. घरी मात्र एकामागून एक मरणं चालू होती. पाच मुलांपैकी तीन मुली गेल्या, १८५९, १८६५ आणि १८६६ मध्ये. त्यातल्या दोघी टायफॉइडने. आणि १९ ऑक्टोबर १८६८ ला त्याला स्वतःला झटका येऊन शरीराची डावी बाजू लुळी पडली. वय ४५. पुढचं सगळं काम, ज्याच्यामुळे आपण त्याला ओळखतो ते बहुतेक सगळं, या झटक्यानंतरचं आहे. डावा हात नीट चालत नसल्याने नाजूक प्रयोग असिस्टंट करायचे, तो बघायचा आणि वहीत लिहायचा.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि फ्रान्स वाईट हरला. पाश्चरचा मुलगा सैन्यात होता. जानेवारी १८७१ मध्ये पराभूत सैन्य बर्फातून माघार घेत होतं तेव्हा हा लंगडणारा प्राध्यापक बायको आणि मुलीला घेऊन गाडीतून मुलाला शोधत फिरला. पाँतार्लिए गावाजवळ मुलगा सापडला, आजारी पण जिवंत. त्याच महिन्यात पाश्चरने जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाने दिलेली मानद डॉक्टरेट परत पाठवून दिली. ज्या स्ट्रासबुर्गमध्ये त्याचं लग्न झालं ते शहर जर्मनीकडे गेलं.

आणि मग त्याने बिअर हातात घेतली. कारण सरळ होतं. जर्मन बिअर फ्रेंच बिअरपेक्षा चांगली मानली जायची आणि पाश्चरला निदान या एका बाबतीत तरी जर्मनांना हरवायचं होतं. २८ जून १८७१ ला त्याने बिअर बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि त्या पद्धतीच्या बिअरला राष्ट्रीय सूडाची बिअर असं नाव द्यावं अशी इच्छा व्यक्त केली. मला हे वाचून हसू आलं आणि थोडं विचित्रही वाटलं. इतका मोठा माणूस, आणि आपल्या इंटर-हॉस्टेल मॅचनंतर करतो तसला राग!

काम सुरू झालं क्लेर्माँ-फेराँ इथे, त्याचा जुना विद्यार्थी एमिल द्युक्लो याच्या लॅबमध्ये. जवळच शामालिएरला एक छोटी ब्रुअरी होती, तिथून सॅम्पल यायची. ज्यांना बिअर कशी बनते हे माहीत नाही (किंवा माहीत नाही असं घरी सांगितलंय) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जवाला मोड आणून वाळवायचे, ते माल्ट. ते भरडून गरम पाण्यात ठेवलं की स्टार्चची साखर होते आणि गोड पाणी मिळतं, त्याला वर्ट म्हणतात. त्यात हॉप्सची फुलं घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट घालायचं. उकळताना वर्टमधले जंतू मरतात. पण त्या काळी गार करताना ते उघड्या पसरट हौदात ठेवायचे, आणि तिथे हवेतली धूळ पडायची. शिवाय यीस्ट हे जुन्या बिअरमधलंच पुढच्या बिअरला वापरायचे, आपण विरजण ठेवतो तसं. म्हणजे विरजणच बिघडलेलं असेल तर पुढची प्रत्येक टाकी बिघडणार.

पाश्चरने बिघडलेल्या बिअरच्या तळाचा गाळ मायक्रोस्कोपखाली बघितला आणि प्रत्येक बिघाडाचं चित्र काढून घेतलं. १८७६ च्या पुस्तकात या चित्रांचं एक पानच आहे, सात प्रकारांचं. मला ते पान म्हणजे एखाद्या मशीनच्या मॅन्युअलमधला ट्रबलशूटिंगचा चार्ट वाटतो. बिअर फिरली आणि चव बिघडली, तर गाळात लांब दोऱ्यासारखे तंतू. ताकासारखी आंबट झाली, तर मधे आवळलेल्या छोट्या काड्या, म्हणजे लीलच्या टाकीतले जुने ओळखीचे. व्हिनेगरसारखी झाली, तर मण्यांच्या माळा. तार सुटून बुळबुळीत झाली, तर वेगळ्या बारीक मण्यांच्या साखळ्या. सडका वास आला, तर आणखी वेगळे, भराभर पळणारे. सातवा प्रकार मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला. त्यात बिअरला कच्च्या फळासारखा आंबटपणा येतो आणि एक खास वास येतो, आणि गाळात दोन-दोन किंवा चार-चार ठिपके चौकोनात बसलेले दिसतात. पुढे या चौकड्यांना पेडिओकॉकस हे नाव मिळालं. ते डायअ‍ॅसिटिल नावाचं संयुग तयार करतात आणि त्याला लोण्यासारखा वास येतो, हे नंतर कळलं. लोण्याचा वास पावावर छान, बिअरमध्ये तो दोष.

सप्टेंबर १८७१ मध्ये पाश्चर लंडनला गेला. चिझवेल स्ट्रीटवर व्हिटब्रेडची प्रचंड ब्रुअरी होती (तिथे बिअर बनणं १९७६ मध्ये बंद झालं). मॅनेजर मंडळींनी पाहुण्याला सगळं फिरवून दाखवलं. पाश्चरने पोर्टर या काळ्या बिअरचं थोडं यीस्ट मागून घेतलं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवलं. त्यात तंतू दिसले. त्याने तिथल्या तिथे सांगितलं की या पोर्टरमध्ये दोष आहे, आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी येत असणार. मंडळी गप्प. मग त्यांनी कबूल केलं की होय, चवीबद्दल तक्रारी आहेत, आणि म्हणूनच त्याच दिवशी सकाळी दुसऱ्या एका ब्रुअरीतून नवीन यीस्ट आणलं आहे. पाश्चरने ते नवीन यीस्टही बघितलं. ते खूपच स्वच्छ होतं. विचार करा, बिअरचा एक घोट न घेता हा परका माणूस त्यांना त्यांच्या बिअरची चव सांगत होता! आठवड्याभरात तो परत गेला तेव्हा ब्रुअरीने स्वतःचा मायक्रोस्कोप विकत घेतलेला होता.

घोट घेतला असता तर कदाचित त्याला तेवढं कळलंही नसतं. पाश्चरची जीभ काही खास नव्हती. त्याचा जुना मित्र बेर्तँ, एकोल नॉर्मालमधला फिजिक्सचा प्राध्यापक, हा खरा खवय्या होता. तो पाश्चरची यावरून मनसोक्त थट्टा करायचा, की बाबा रे, आधी मला एक चांगला ग्लास दे, मग तुझं शास्त्र सांग. लॅबमध्ये बिअरची सॅम्पल आली की दोन बिअरमधला फरक बेर्तँला कळायचा, पाश्चरला नाही. मला वाटतं याच कमतरतेचा त्याला फायदा झाला असावा. ज्याची जीभ तयार असते तो जिभेवर विसंबून राहतो. हा राहू शकत नव्हता.

आता उपाय. वाइनसारखी बिअर तापवावी का? बाटलीतली तापवता येते, ५० ते ५५ अंशांपर्यंत. पण पिंपातली ताजी, फेसाळ बिअर तापवली तर तिच्यातला गॅस जातो आणि चवही बदलते. म्हणून बिअरच्या बाबतीत पाश्चरचा मुख्य भर तापवण्यावर नव्हता, तर जंतू आत येऊच न देण्यावर होता. वर्ट बंद भांड्यात, शुद्ध हवेत गार करा. यीस्ट तपासून, शुद्ध करून वापरा. जर्मन लोक बिअर थंडीत का आंबवतात, बर्फावर एवढा खर्च का करतात, याचंही उत्तर त्याने दिलं. त्या गारव्यात यीस्ट हळूहळू काम करतं, पण रोगाचे जंतू वाढू शकत नाहीत. म्हणजे ब्रुअर लोकांनी अनुभवाने शोधलेली गोष्ट बरोबर होती, फक्त कारण त्यांना माहीत नव्हतं. नान्सीजवळ ताँताँव्हिलला तुर्तेल बंधूंच्या ब्रुअरीत त्याने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर करून बघितली. १८७६ मध्ये बिअरवरचं पुस्तक आलं. ते त्याने वडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं आणि तिथे ते नेपोलियनचे सैनिक होते हेही आवर्जून छापलं.

सूड मात्र काही उगवला गेला नाही. पुस्तक सगळ्यांनी वाचलं, जर्मनांनीसुद्धा. सगळ्यात जास्त फायदा घेतला तो डेन्मार्कने. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीचा मालक जे. सी. जेकबसन हा पाश्चरचा भक्तच होता. त्याने ब्रुअरीत १८७५ मध्ये स्वतंत्र लॅबोरेटरी काढली. तिथे एमिल ख्रिश्चन हान्सेन नावाचा शास्त्रज्ञ होता. १८८३ मध्ये खुद्द कार्ल्सबर्गच्या बिअरला कडवट चव आणि घाण वास यायला लागला. पाश्चरच्या चार्टप्रमाणे तंतू, काड्या, चौकड्या शोधायच्या. पण हान्सेनला गुन्हेगार सापडला तो यीस्टमध्येच. चांगल्या यीस्टमध्ये दुसऱ्या जातीचं जंगली यीस्ट मिसळलेलं होतं, आणि दोन्ही मायक्रोस्कोपखाली जवळजवळ सारखीच दिसत होती. कोणतं यीस्ट कोणत्या तापमानाला किती वेळात स्पोअर बनवतं हे मोजून हान्सेनने ती वेगळी ओळखली. मग एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वापरात आलं, आणि जेकबसनने ते मागेल त्याला फुकट दिलं. हान्सेनने आणखी एक दाखवलं. यीस्ट शुद्ध करायला पाश्चर टार्टारिक आम्ल वापरायचा, त्याच्या तरुणपणीचं लाडकं आम्ल. त्याने बॅक्टेरिया मरतात खरे, पण जंगली यीस्टचं फावतं! आणि कार्ल्सबर्गमधल्या त्या गुन्हेगार यीस्टचं नाव काय होतं, तर सॅकॅरोमायसीस पास्तोरिआनुस. माक्स रीस या जर्मन शास्त्रज्ञाने १८७० मध्ये पाश्चरच्या सन्मानार्थ ठेवलेलं. आज हेच नाव लागर बिअरच्या चांगल्या यीस्टला आहे, ही गोष्ट वेगळी.

चार्टमध्ये न बसणारे दोष आणखीही आहेत, आणि तिथे जंतूच नसतात. उन्हात ठेवलेल्या बिअरला एक उग्र, नकोसा गंधकी वास येतो, कारण प्रकाशाने हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठी. खूप दिवस पडून राहिलेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, तो ऑक्सिजनचा परिणाम. वर्ट नीट उकळलं नाही तर उकडलेल्या मक्याचा वास राहतो, कारण माल्टमधून येणारं डायमिथाइल सल्फाइड उडून जात नाही. लोण्याचा वास तर तब्येतीने ठणठणीत यीस्टही तयार करतं आणि पुरेसा वेळ दिला तर स्वतःच परत शोषून घेतं. घाईने बिअर काढली की तो राहतो. हे सगळं मायक्रोस्कोपला दिसत नाही. म्हणून आजही मोठ्या ब्रुअरीत लॅबच्या बरोबरीने चव घेणाऱ्यांचं पॅनेल असतं आणि त्यांना मुद्दाम दोष घातलेली सॅम्पल देऊन शिकवलं जातं. बेर्तँला तिथे नक्की नोकरी मिळाली असती.

बिअरनंतर पाश्चर माणसाच्या आणि जनावरांच्या रोगांकडे वळला. बिअरच्या रोगासारखाच माणसाचा रोगही बाहेरून आलेल्या जंतूमुळे होतो, हा धागा त्याच्या डोक्यात होताच. अँथ्रॅक्सची लस १८८१ मध्ये, आणि ६ जुलै १८८५ ला जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला कुत्रा चावल्यावर दिलेलं रेबीजचं पहिलं गाजलेलं इंजेक्शन. या भागावर आता टीकाही होते. त्याच्या प्रयोगाच्या वह्या घरच्यांनी १९६४ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. त्या वाचून जेराल्ड गायसन यांनी १९९५ च्या पुस्तकात दाखवलं की तो लोकांना सांगायचा ते आणि वहीत लिहायचा ते नेहमी जुळत नाही. १८८८ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट उघडलं. तिथे काम केलेला वाल्डेमार हाफकिन पुढे मुंबईत प्लेगची लस बनवायला आला, आणि परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नावाची.

२८ सप्टेंबर १८९५ ला पाश्चर गेला. पॅरिसच्या इन्स्टिट्यूटच्या तळघरातच त्याची समाधी आहे. तिच्या भिंतींवर त्याच्या कामांची नावं आणि वर्षं कोरली आहेत. स्फटिक, आंबवण, वाइन, रेशीम, लसी, रेबीज. त्यात बिअरही आहे, आणि तिच्यापुढे पुस्तकाचं वर्ष १८७६ नाही, १८७१ लिहिलेलं आहे.